ग्रीसचे काळे हात आणि शिशाचे स्वच्छ हात

बोईसरहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे यजमान तारापूर औद्योगिक वसाहतीत मेंटेनन्स फिटर आहेत. त्या लिहितात, "हे रोज काळे हात घेऊन घरी येतात. दोन-दोनदा साबण लावला तरी नखांच्या कडेला ग्रीस राहतेच. त्याच हाताने जेवतात, त्याच हाताने मुलाला भरवतात. ग्रीसमध्ये शिसे, लिथियम असले धातू असतात असे शेजारचे सांगतात. हे विष अंगात साठते का? रक्त तपासून घ्यावे का?"

प्रश्न चांगला आहे आणि तो एकट्या या बाईंचा नाही. सकाळच्या डहाणू लोकलमध्ये वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर अशा स्टेशनांवर चढणारी कामगार मंडळी पाहा. ग्रीसचे डाग पडलेला माणूस शेजारी बसला की बाकीचे अंग चोरून घेतात. स्वच्छ हातांच्या माणसाला मात्र सगळे आनंदाने जागा देतात. तीस वर्षांच्या प्रॅक्टिसनंतर मी सांगतो की यांपैकी कोणाच्या प्रकृतीची काळजी करावी, हे हात पाहून ठरवता येत नाही. मीसुद्धा एकदा हात पाहूनच ठरवले आणि चुकलो. ती हकीकत पुढे येईलच. आधी ग्रीस म्हणजे काय ते पाहू.

आपल्या आजोबांच्या बैलगाडीच्या चाकाला वंगण घालत, त्याचेच हे कारखान्यातले रूप. त्यात मोठा भाग असतो खनिज तेलाचा, म्हणजे पेट्रोलियमपासून मिळणाऱ्या तेलाचा. तेल नुसते घातले तर गळून जाईल, म्हणून त्याला घट्ट करण्यासाठी एक प्रकारचा साबण मिसळतात. हा साबण कॅल्शियमचा किंवा लिथियमचा असतो. सध्या सर्वत्र वापरले जाते ते लिथियम ग्रीस, आणि गंमत म्हणजे त्यातल्या साबणाचा स्निग्ध भाग बहुधा एरंडेलापासून काढलेला असतो. लिथियम हा धातू खरा, पण तो जड धातू नाही. तो धातूंमधला सर्वांत हलका धातू आहे. मानसिक आजारांत आम्ही लिथियमच्या गोळ्या देतो, तेव्हा रक्तातले प्रमाण मोजत राहावे लागते, हे खरे. पण ग्रीसमध्ये साबणाच्या रूपात बांधलेले लिथियम कातडीतून आत जाऊन काही करील, इतके ते नसते. नखात राहिलेल्या कणभर ग्रीसमधून पोटात जाणारे लिथियमही नगण्य. पत्रलेखिका भगिनींच्या शेजाऱ्यांनी नाव बरोबर सांगितले, भीती चुकीची घातली.

शिशाचे मात्र थोडे वेगळे आहे. पूर्वी जास्त दाब सोसणाऱ्या काही ग्रीसमध्ये शिशाची संयुगे घालत. पाइपांच्या आट्यांना लावायच्या काही लेपांत शिशाची पूड असते. शिवाय जुने, वापरलेले ग्रीस आणि डब्यातले ताजे ग्रीस यांत फरक आहे. बेअरिंग झिजते तेव्हा त्याचा चुरा ग्रीसमध्येच उतरतो: लोखंड, तांबे, आणि बेअरिंगच्या मिश्रधातूत शिसे असेल तर शिसेही. म्हणून वापरलेल्या ग्रीसचा हात जेवणापूर्वी नीट धुवावा, एवढे पथ्य पुरे. त्यासाठी रक्त तपासायची गरज नाही.

याचा अर्थ ग्रीस निरुपद्रवी आहे असा मात्र कोणी घेऊ नये. त्याचा उपद्रव वेगळ्या जागी असतो. तेलात भिजलेली पँट दिवसभर मांडीला घासत राहिली की केसांच्या मुळांशी काळ्या टोकांचे पुरळ येते. हातांवरही येते. तरुण मुलगा मांड्यांवरची 'गळवे' दाखवायला लाजत लाजत येतो आणि प्रतिजैविकाच्या गोळ्या मागतो. त्याला गोळीपेक्षा रोज धुतलेली पँट हवी असते. खिशात तेलकट चिंधी ठेवण्याची सवय तर सोडायलाच हवी. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या सूतगिरण्यांत यंत्रांचे तेल कमरेखाली उडून कामगारांना अंडकोशाच्या त्वचेचा कर्करोग होत असे, ही वैद्यकाच्या इतिहासात नोंद झालेली गोष्ट आहे. ते तेल कमी शुद्ध केलेले होते. आजची चांगली वंगणे पुष्कळ शुद्ध करतात, पण इंजिनातून काढलेले जळके काळे ऑइल अजूनही त्या जातीचेच समजावे. पाठदुखीवर ते चोळणारे लोक मला भेटले आहेत. कृपा करून चोळू नका.

आणि हात खराब होतात ते बहुतेक वेळा ग्रीसने नव्हे, ग्रीस काढण्याच्या पद्धतीने. रॉकेल, पेट्रोल, थिनर यांनी हात धुतले की ग्रीस निघते, पण कातडीचे स्वतःचे तेलही त्याबरोबर निघून जाते. कातडी कोरडी पडते, भेगा पडतात, त्या भेगांतून रसायने आत शिरतात आणि मग खाज, लाली, पाणी सुटणे असे चक्र सुरू होते. वेस्टच्या बोळ्याने खसाखसा पुसणे त्याहून वाईट, कारण बोळ्यात लोखंडाचा कीस अडकलेला असतो. सोपा उपाय असा की आधी चमचाभर खोबरेल किंवा कोणतेही गोडे तेल हातांवर चोळावे. तेलात ग्रीस सुटते. मग ते कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे आणि नंतर साध्या साबणाने आणि नखांच्या ब्रशने धुवावे. कामाला लागण्यापूर्वी नखे साबणाच्या वडीवर ओरखडून घेतली, तर नखांत साबण भरतो आणि ग्रीसला जागाच राहत नाही. ही युक्ती मला एका जुन्या फिटरनेच शिकवली.

ग्रीसबाबतची एकच गोष्ट अशी आहे की जिच्यासाठी रात्री दोन वाजताही डॉक्टरला उठवावे. ती म्हणजे ग्रीसगनची इजा. हाताने चालवायच्या साध्या ग्रीसगनमध्येही चौरस इंचाला हजारो पौंडांचा दाब तयार होतो, आणि कातडी भेदायला त्याच्या अगदी थोड्या अंशाइतका दाब पुरतो. निप्पल नीट बसला नाही, होजला बारीक चीर गेली आणि तिथे बोट ठेवले, की ग्रीस सुईसारखे बोटात घुसते. बाहेर दिसतो फक्त एक ठिपका. रक्त नाही, सुरुवातीला फारशी वेदनाही नाही. बोट किंचित जड आणि बधिर वाटते. माणूस हसून पुन्हा कामाला लागतो. काही तासांत बोट फुगून टणक होते, आतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि ग्रीस स्नायुबंधांच्या आवरणातून तळहातापर्यंत पसरते. माझ्याकडे आलेल्या एका मेकॅनिकने रात्रभर गरम पाण्याने शेकून, वर बाम चोळून, सकाळी बोट दाखवायला आणले होते. मी त्याला हातात सलाईन लावून मुंबईला पाठवले. बोट वाचले नाही. आदल्या रात्री आला असता तर कदाचित वाचले असते. तेव्हा ठिपका कितीही लहान असो, शेकू नये, चोळू नये, पिळू नये. हात उंच धरून शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात त्याच वेळी जावे आणि "ग्रीसगन लागली" हे शब्द स्पष्ट उच्चारावेत. नुसते "बोटाला टोचले" म्हटलेत, तर धनुर्वाताचे इंजेक्शन देऊन घरी पाठवतील.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू.

'जड धातू' हे नाव थोडे फसवे आहे. शिसे पाण्याच्या अकरा पटींहून जड, पारा साडेतेरा पटींहून जड, हे खरे. पण सोने त्याहून जड आहे आणि ते आपण अंगावर मिरवतो. लोखंडही चांगलेच जड, आणि ते शरीरात कमी पडले तर पंडुरोग होतो. तेव्हा प्रश्न वजनाचा नाही. शरीराला ज्याचा काहीच उपयोग नाही, पण जे उपयोगी धातूच्या वेषात आत शिरते, ते विष. शिशाला शरीर कॅल्शियम समजते आणि हाडांत नेऊन ठेवते. कॅडमियम मूत्रपिंडात जाऊन बसते आणि दहा-वीस वर्षे तिथून हलत नाही. ग्रीस कितीही चिकट असले तरी शेवटी ते तेलच. हातावरून धुतले जाते, गिळले गेले तर बहुतांशी शौचावाटे निघून जाते, जमिनीवर सांडले तर जंतू ते हळूहळू का होईना, खातात. धातूचे तसे नाही. तो मोडत नाही, जळत नाही, कुजत नाही. फक्त जागा बदलतो.

आता माझी चूक.

२००८ सालची गोष्ट. वैतरणा स्टेशनाच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा पस्तिशीचा गृहस्थ पोटदुखीसाठी माझ्याकडे येऊ लागला. बेंबीभोवती पिळवटून कळा येत, शौचास तीन-तीन दिवस होत नसे. बरोबर त्याचा मेहुणा असे. हा मेहुणा फिटर, हात कोपरापर्यंत काळे. पहिल्याच भेटीत त्या मेहुण्याच्या हातांवरून मी त्याला दहा मिनिटे व्याख्यान दिले. आणि रुग्णाला? त्याचे हात स्वच्छ होते. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. "कुठे कामाला?" असे मी विचारले, "कंपनीत" असे तो म्हणाला, आणि मी पुढे विचारले नाही. आमच्या भागात या उत्तराने कोणाचेही समाधान होते.

अॅसिडिटीच्या गोळ्या झाल्या, कळ थांबवायची इंजेक्शने झाली, जंताचे औषध झाले. सोनोग्राफीत काही निघाले नाही. एका शल्यचिकित्सकाने अपेंडिक्स काढून पाहण्याचाही विचार केला होता. हिमोग्लोबिन साडेआठ होते, म्हणून मी लोहाच्या गोळ्या दिल्या. लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ आणखी वाढले. असे चार महिने गेले. मग एके दिवशी तो दात दुखतो म्हणून आला. ओठ बाजूला केला, तर हिरड्यांच्या काठाने निळसर करडी रेघ. ही रेघ मी एमबीबीएसच्या पुस्तकात वाचली होती, प्रत्यक्षात कधी पाहिली नव्हती. त्याला हात पुढे करून मनगटे वर उचलायला सांगितले. उजवे मनगट नीट उचलेना.

"अरे, तू कंपनीत नक्की काय करतोस?"

"साहेब, जुन्या बॅटऱ्या फोडतो. आतलं शिसं काढून भट्टीला देतो."

चार महिन्यांत पहिल्यांदाच विचारलेल्या या एका प्रश्नाने निदान झाले. मुंबईला रक्त पाठवले. शिशाचे प्रमाण डेसिलिटरला साठ मायक्रोग्रॅमच्या वर आले. धुतलेल्या काळ्या हाताचा मेहुणा ठणठणीत होता.

शिसे आत कसे गेले, ते पाहण्यासारखे आहे. भट्टीचा धूर आणि बॅटरीची पांढरी-करडी धूळ श्वासावाटे जाते, हा एक मार्ग. दुसरा मार्ग त्याच्या तळहातावर होता. दिवसातून दहा-बारा वेळा तो तंबाखू मळत असे. शिशाची धूळ असलेल्या तळहातावर तंबाखू आणि चुना अंगठ्याने रगडायचा आणि चिमूट थेट ओठाखाली ठेवायची. ग्रीसचा हात असता तर त्याने तंबाखू मळण्यापूर्वी तो धुतला असता, कारण तंबाखूला घाण लागते हे दिसले असते. शिशाची धूळ दिसत नाही, तिला वास नाही, चवही जाणवेल अशी नाही. दोन्ही पदार्थांत मला हाच सर्वांत मोठा फरक वाटतो. ग्रीस स्वतःच माणसाला हात धुवायला लावते.

तिसरी गोष्ट माझ्या लक्षात उशिरा आली. त्याची चार वर्षांची मुलगी माझ्याचकडे येत असे. फिकट, किरकिरी, माती खायची सवय. तिला मी लोहाचे टॉनिक देत होतो. वडिलांचे रक्त तसे निघाल्यावर तिचेही तपासले. सव्वीस. ती कधी कारखान्याच्या आसपासही गेली नव्हती. बाप संध्याकाळी घरी येऊन कामाचे कपडे दारात झटकत असे, ते खुंटीला लावत असे, आणि मुलगी त्या खुंटीखाली अंथरुणावर झोपत असे. आई तेच कपडे घरच्या कपड्यांबरोबर धूत असे. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी साधारण दहावा हिस्सा रक्तात शोषला जातो. लहान मुलात तो अर्ध्यापर्यंत जातो, आणि अंगात लोह कमी असेल तर आणखी. शिवाय मुलाचा मेंदू वाढता असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रक्तातल्या शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणता येत नाही. पाच मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आढळले तर ते कुठून येते ते शोधून थांबवावे, असे २०२१ च्या मार्गदर्शनात सांगितले आहे. जगात सुमारे ऐंशी कोटी मुलांच्या रक्तात पाचहून जास्त शिसे असल्याचा अंदाज युनिसेफच्या २०२० च्या अहवालात आहे. म्हणजे दर तिघांत एक मूल.

वडिलांवर मुंबईच्या रुग्णालयात उपचार झाले. शिसे बांधून लघवीवाटे बाहेर काढणारी औषधे असतात, पण ती घरी घ्यायची नव्हेत. त्यांनी मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो, आणि माणूस पुन्हा त्याच धुळीत काम करणार असेल तर त्यांचा उपयोग नाही. प्रमाण झपाट्याने खाली आले आणि काही आठवड्यांनी पुन्हा थोडे चढले. नवे शिसे आले नव्हते. हाडांत साठलेले रक्तात उतरत होते. रक्तातले शिसे महिन्याभरात निम्मे होते, हाडातल्याला वीस-तीस वर्षे लागतात. बाईच्या हाडांत असे शिसे असेल तर गरोदरपणी ते कॅल्शियमबरोबर सुटून बाळापर्यंत जाते. मुलीला अशा औषधांची गरज नव्हती. तिच्या पातळीला ती देत नाहीत. तिला घर स्वच्छ करून दिले, म्हणजे ओल्या फडक्याने पुसून, कारण केरसुणीने धूळ उडते. लोह, दूध, नाचणी चालू ठेवली. वर्षभरात तिचे प्रमाण दहाच्या खाली आले. तिला पाढे उशिरा आले. ते शिशामुळे की आणखी कशामुळे, हे मी सांगू शकत नाही, आणि कोणीही डॉक्टर सांगू शकणार नाही.

कायद्याने अशा रुग्णाची खबर डॉक्टरने द्यायची असते. १९४८ च्या कारखाने कायद्याला जोडलेल्या रोगांच्या यादीची सुरुवातच शिशाने होते. पारा, आर्सेनिक, क्रोमचे व्रण त्यात आहेत, आणि खनिज तेलाने होणारे पुरळही आहे. म्हणजे आपले दोन्ही पक्ष एकाच यादीत बसले आहेत. २०२० च्या नव्या संहितेतही अशी यादी ठेवली आहे. मी पत्र लिहिले. तो गाळा कुठल्याच कागदावर नव्हता. थोड्या दिवसांनी तो बंद झाला आणि, ऐकतो, दुसरीकडे सुरू झाला. माझ्या रुग्णाची नोकरी गेली. तो दोन वर्षे माझ्या दवाखान्याची पायरी चढला नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही चढलो नसतो. तरीही तसा रुग्ण उद्या आला तर मी पुन्हा पत्र लिहीन. फक्त त्याआधी त्याच्याशी बोलेन, जे तेव्हा केले नाही.

शिशाखेरीज इतर धातूंविषयी थोडक्यात सांगतो. प्लेटिंगच्या टाकीवर काम करणाऱ्याच्या हातांवर गोल, खोल, न दुखणारे व्रण दिसले किंवा नाकातून वारंवार खपली आणि रक्त येत असेल, तर क्रोमियमचा विचार करावा. नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडते आणि माणसाला पत्ताही नसतो. पाऱ्याबद्दल जपानच्या मिनामाता गावाचे नाव १९५६ पासून जगाला ठाऊक आहे. पण आपल्याकडेही, जुन्या ठाणे जिल्ह्यात, आंबिवलीजवळच्या काळू नदीतल्या पाऱ्यावर पूर्वी अभ्यास झाले आहेत. घरात काचेचा थर्मामीटर फुटला तर घाबरू नये, पण खिडक्या उघडाव्यात, मुलांना बाहेर काढावे आणि थेंब जाड कागदाच्या कडेने गोळा करून झाकणाच्या बाटलीत ठेवावेत. झाडू किंवा व्हॅक्यूम फिरवू नये. गिळलेल्या थेंबापेक्षा श्वासात जाणारी वाफ जास्त वाईट.

जस्ताची गोष्ट मात्र आमच्या भागासाठी सविस्तर सांगायला हवी. पत्र्याला जस्ताचा मुलामा देणाऱ्या किंवा तसल्या पत्र्यावर वेल्डिंग करणाऱ्या माणसाला संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो, तोंडाला धातूची चव येते, अंग मोडून येते, रात्री घाम फुटतो आणि सकाळी तो बरा होऊन कामावर जातो. हिवताप काय वेगळा असतो? सुरुवातीच्या वर्षांत अशा कितीतरी जणांना मी क्लोरोक्विन दिले आणि ते दुसऱ्या दिवशी बरे झाले म्हणून खूशही झालो. ते गोळीविनाही बरे होणार होते. ओळखण्याची खूण अशी की हा ताप बहुधा सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी येतो, कारण चार दिवस सलग धूर घेतला की शरीर थोडे सरावते आणि सुट्टीत तो सराव जातो. तरीही पालघर जिल्ह्यात राहून ताप आला की हिवतापासाठी रक्त तपासल्याशिवाय ही समजूत करून घेऊ नये.

पाण्याबद्दल आणि मासळीबद्दल मला नेहमी विचारतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मोजणीत प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत तारापूरचा क्रमांक देशात पहिला होता, शंभरांपैकी ९३.६९ गुण, आणि मांगेला समाजाच्या तक्रारीवरून सांडपाण्याचे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले. म्हणून मासळी सोडावी का? माझ्या मते सोडू नये. मोठा मासा लहान माशाला खातो आणि पारा वर वर साठत जातो, म्हणून गरोदर बाईने आणि लहान मुलांनी मुशीसारखे मोठे मासे टाळावेत. मांदेली, बोंबील खुशाल खावेत. औद्योगिक सांडपाणी पडणाऱ्या खाडीतली कालवे आणि तिसऱ्या मात्र टाळलेल्या बऱ्या. चिखल गाळून खाणारा तो जीव धातू अंगात साठवतो.

आणखी दोन गैरसमज. धुळीत काम करणाऱ्यांना गूळ वाटण्याची पद्धत आहे. गूळ खावा, चांगला लागतो, पण गुळाने शिसे निघत नाही. दुधाने आणि केळ्यानेही नाही. पोट भरलेले असेल आणि कॅल्शियम, लोह पुरेसे असेल तर शिसे कमी शोषले जाते, एवढेच खरे. दुसरा गैरसमज असा की विष फक्त कारखान्यात असते. मारुतीला लावायचा शेंदूर हे परंपरेने शिशाचेच संयुग आहे आणि मुरदाडशिंगही तेच. शेंदूर लावून झाल्यावर हात धुवावेत आणि तान्ह्या मुलाच्या कपाळी तो लावू नये. शक्तीच्या पुड्या आणि भस्मे अनोळखी माणसाकडून घेऊ नयेत. २००४ साली अमेरिकेत बोस्टन परिसरातल्या दुकानांतली सत्तर आयुर्वेदिक औषधे तपासली, त्यांपैकी चौदांमध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक निघाले. जाणकार वैद्यांचा यात दोष नाही. पण तुम्ही काय घेता ते तुमच्या डॉक्टरला ठाऊक हवे.

ग्रीस-ऑइलचे रिकामे डबे धुऊन त्यात खाण्याचे तेल भरू नये, हेही सांगायचे राहिले होते. मोरोक्कोत १९५९ साली विमानाच्या इंजिनाचे वंगण खाद्यतेलात मिसळून विकले गेले आणि सुमारे दहा हजार माणसांचे पाय लुळे पडले. तिथे अपाय तेलाने केला नाही, त्यातल्या ट्रायक्रेसिल फॉस्फेट या रसायनाने केला. १९८८ साली कलकत्त्याच्या बेहाला भागातही खाद्यतेलात हेच रसायन आले होते.

तेव्हा भगिनी, तुमच्या यजमानांना रक्त तपासायची जरुरी नाही. त्यांना खोबरेल आणि नखांचा ब्रश द्या, कामाचे कपडे वेगळ्या बादलीत धुवा आणि ग्रीसगनबद्दलचा मजकूर त्यांना वाचून दाखवा. मात्र त्यांना एक विचारून पाहा: त्यांच्या शेडमध्ये बॅटरी, शिशाची भट्टी, शेंदरी प्रायमर खरवडणे किंवा प्लेटिंग असे काही चालते का, आणि ते काम कोण करते. त्या माणसाला पोटदुखी, बद्धकोष्ठ, फिकटपणा असेल तर त्याने डॉक्टरकडे जाताना आपण काय काम करतो ते स्वतः होऊन सांगावे. डॉक्टर विचारतीलच असे नाही.